राजापुढे बोलायचा मान

ऑगस्टात संत लुईच्या सणाला राजापुढे फुलं ठेवून चार शब्द बोलायचा मान आमच्या घरचा. पॅरिसच्या मोठ्या बाजारात मासळीच्या ओट्यावर बसणाऱ्या बायका पुष्कळ, पण व्हर्सायच्या राजवाड्यात त्या सगळ्यांच्या वतीने तोंड उघडणारी एकच, आणि ती ब्रुलारांच्या घरची. आधी माझी सासू, मग मी. मोठमोठ्या व्यापाऱ्यांच्या बायका ज्या दाराबाहेर पंखे हलवत ताटकळायच्या, त्या दारातून मी मासळीवाली सरळ आत जायचे. अंगात काळा रेशमी झगा, हातात फुलांचा हा एवढा गुच्छ. बाजारात माझ्या जिभेला पोलीससुद्धा भ्यायचे. पण तिथे गेले की मी गुडघे टेकून सासूने पाठ करून घेतलं तेवढंच बोलायचे, त्यात एक शब्द इकडचा तिकडे नाही.

"महाराज, बाजारच्या बायका आपल्या पायाशी फुलं ठेवतात. आपलं सुख ते आमचं सुख. आपली लेकरं ती आमची लेकरं. आपण पोटभर जेवलात की आमची पोटं भरली."

बस, एवढंच. सासूची ताकीद होती, तिथे मागायचं काही नाही. फुलं घेऊन जाणारी बाई देणारी असते. एकदा हात पसरलास की पुढच्या वर्षी तुझ्यासाठी ते दार उघडणार नाही. ते मी जन्मभर पाळलं.

पण जन्मभर थंड पाण्यात उभं राहून मासे धुतल्यावर गुडघ्यांनी किती साथ द्यावी? सेन नदी गोठली त्या हिवाळ्यात माझा उजवा गुडघा गेला. त्याच हिवाळ्यात माझा एतियेनही गेला. गोण्या वाहणारा धट्टाकट्टा पोरगा, छातीत कफ झाला आणि बघता बघता संपला. घरात उरलो आम्ही तिघी. मी, सून पेलाजी आणि तिची तान्ही फान्शोन. मला मुलगी नाही. म्हणजे बोलायचा मान आता पेलाजीकडेच जायचा होता, नाहीतर घराबाहेर. घराबाहेर जाऊ द्यायचा नाही, एवढं एकच त्या वर्षी माझ्या डोक्यात होतं. लोकांच्या डोक्यात भलतंच चाललं होतं. जुलैत त्यांनी बास्तीयचा तुरुंग पाडला आणि आठवडाभर त्याचे दगड खिशात घालून मिरवले. दगड सगळ्यांना मिळाले, पाव मात्र कोणाला मिळेना. भट्टीवाल्याच्या दारात बायका उजाडायच्या आधी उभ्या राहायच्या आणि दुपारी रिकाम्या पिशव्या घेऊन परतायच्या.

पेलाजी रांगेतून आली की मी तिला ओट्यामागे शिकवायला बसवायचे. राजा म्हणून टोपलीत एक मोठा कॉड मासा ठेवायचा, तोंड आमच्याकडे करून.

"टेक गुडघे."

"चिखल आहे, आई."

"तिथे संगमरवर आहे. इथे चिखलात जमलं तर तिथे जमेल. टेक."

ती टेकायची. मान वर करून त्या माशाकडे बघायची. शेजारच्या ओट्यावर सुझोन पातूरेल वाम सोलत बसलेली असायची. ही माझी लहानपणापासूनची मैत्रीण. तिच्या तोंडाला कधी कुलूप नाही. ती म्हणायची, "राजापेक्षा हाच बरा गं. ह्याचे डोळे उघडे तरी आहेत."

"तू वाम सोल."

"सोलतेय. आणि ह्याला वास येतो म्हणावं तर... जाऊ दे, नाही बोलत."

पेलाजी सगळं म्हणायची. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ, माझ्याहून चांगले. पण शेवटच्या वाक्यापाशी आली की थांबायची.

"पुढे?" मी विचारायचे.

"आपण पोटभर जेवलात की... नाही, आई. माझ्याने हे नाही बोलवत."

"का? जिभेला फोड आलाय?"

"दूध आटतंय माझं. पोरगी रात्रभर छातीला चिकटून नुसतीच चोखते. आणि मी त्याला जाऊन सांगू, की तू जेवलास म्हणजे आमचं भरलं?"

"अगं, हे खरं-खोटं करायचं बोलणं नाही. रीत आहे ती. लग्नात नवरीला राणी म्हणतात, तेव्हा तिच्या पेटीत डोकावून बघतं का कोणी?"

"मग ते वाक्य गाळते."

"एक गाळलंस की सगळंच गळतं!" मी ओरडले. गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

ती उठली, झग्याचा चिखल झटकला आणि पाकट कापायला लागली. कापताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ह्या पोरीचा राग आवाजात यायचा नाही, तो सुरीत यायचा.

तर त्या ऑगस्टमध्ये मीच गेले. गुच्छ धरला, गुडघे टेकले, सगळं बोलले, शेवटच्या वाक्यासकट. उठता येईना तेव्हा दोन बायकांनी काखेत हात घालून मला वर घेतलं. नंतर रीतीप्रमाणे खालच्या दालनात जेवण मिळालं, मांसाची कचोरी आणि वाईन. सगळ्या तुटून पडल्या. मी अर्धी कचोरी रुमालात बांधून घरी आणली आणि पेलाजीपुढे ठेवली. तिने ती खाल्ली, पोरीसाठी खायलाच हवी होती. पण खाताना मान वर केली नाही आणि रुमाल धुऊन परत दिला तेव्हाही काही बोलली नाही. फार दमले होते मी. जाण्यायेण्याने नव्हे, ह्या घरात दोघींनी गप्प बसण्याने.

ऑक्टोबरात एका सोमवारी सकाळी बाजारात ढोल वाजायला लागला. कोणी म्हणालं, एका पोरीने शिपायांच्या चौकीतून उचलून आणला. बायका ओटे तसेच सोडून निघाल्या. कुणाच्या हातात मासे कापायचा सुरा, कुणाच्या हातात झाडूचा दांडा. दिएप बंदराहून आलेले बांगडे टोपल्यांत तसेच पडले, त्यांच्यावर मांजरं चढली. पेलाजीने फान्शोनला शेजारच्या एकट्या आजीकडे दिलं आणि माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"आई, चला. व्हर्सायला."

"आज कुठला सण आहे?"

"सण नाही. पाव मागायला जायचंय."

"मागायला?" मी म्हणाले. "आणि फुलं कुठायत?"

"फुलं खाणार आहात का तुम्ही?"

सुझोन हसली.

"मी नाही येत," मी म्हणाले. "असं चिखलात बरबटून, हातात सुरे घेऊन कोणी राजाकडे जातं?"

"नका येऊ. पण आतल्या वाटा फक्त तुम्हाला माहीत आहेत. नाहीतर दारातून ओरडून परत येऊ आम्ही. आणि आत बोलायला सांत-आंत्वान वस्तीकडची एक बाई म्हणतेय, मी बोलते म्हणून."

तिला माहीत होतं कुठे बोट ठेवायचं ते. सांत-आंत्वानकडची! खुर्च्यांना वेत विणणारी असेल कोणी. ब्रुलारांचा मान तिने घ्यायचा? मी घरात गेले, काळा रेशमी झगा चढवला, वर जुनी घोंगडी लपेटली आणि बाहेर आले.

बायकांनी नगरसभेच्या आवारातून एक तोफ ओढून काढली होती. मला चालवेना म्हणून त्यांनी मला तोफेवर बसवलं. लोखंड थंडगार, खाली ना गादी ना गवत. वर पाऊस. सुझोन बाजूने चालत होती.

"राणीसारखी दिसतेस गं," ती म्हणाली. "राणीला फक्त एवढं टोचत नसेल."

"तू मर."

"मरेन की. पण आधी पाव खाऊन."

वाटेतल्या गावांत लोकांनी दारं लावून घेतली. एकाने वाईनचा पिंप उघडून दिला, भीतीने का प्रेमाने कोण जाणे. बायका गात होत्या, मग गाणी संपली, मग नुसते लाकडी जोडे चिखलातून उपसल्याचे आवाज. व्हर्साय दिसलं तेव्हा दिवेलागण झाली होती.

फाटक बंद होतं. माझ्या जन्मात ते फाटक मी बंद बघितलं नव्हतं. पण आतल्या म्हाताऱ्या दरवानाने मला ओळखलं. तो गजांपाशी आला आणि हळूच म्हणाला, "आई ब्रुलार? आज काय? आज तर सण नाही."

"तेच म्हणत होते मी," मी म्हणाले. "पण ह्यांना भूक लागलीय."

तो आत गेला, कोणाकोणाशी बोलला. मग मोजक्या बायकांना आत सोडलं. मी, पेलाजी, सुझोन, ती वेत विणणारी आणि आणखी काही. मी पुढे चालले. हा जिना नाही, तो जिना. इथे वळायचं. ह्या उंबऱ्याला ठेच लागते, सांभाळा. एरवी मागे वळून बघायची गरज पडली नव्हती. ह्या वेळी बघितलं तर साऱ्या जमिनीवर आमच्या जोड्यांचा चिखल उमटला होता.

राजापर्यंत नाहीच जाऊ दिलं. दोन दालनं आधी एका राखाडी रेशमी मोज्यांच्या साहेबाने आम्हाला थांबवलं. ऑगस्टमध्ये हाच माझ्या हातातला गुच्छ घ्यायला उभा होता. माझ्याकडे बघून त्याचा चेहरा सैल झाला. इतका वेळ बाहेरचा आरडाओरडा ऐकून बिचारा पांढरा पडला असावा.

"अहो, या तर आपल्या बाजारच्या आया!" तो म्हणाला. "या, या. बोला, मादाम."

सगळ्यांचे डोळे माझ्यावर. पेलाजी माझ्या शेजारी. मनात मी सगळं जुळवून आणलं होतं. तोफेवर बसून दिवसभर तेच करत होते. साहेब, भट्ट्या थंड पडल्यात. पीठ कुठे अडकलंय सांगा. महाराजांना सांगा, बायकांच्या छातीत दूध राहिलं नाही. बाजारात ह्याच्या दसपट बोलणारी बाई मी. एकदा एका सरदाराच्या स्वयंपाक्याला शिळा मासा परत करायला आला म्हणून मी असं धुतलं होतं, की तो आपली टोपली विसरून गेला.

पण त्या खोलीचा तो वास, मेणाचा आणि फुलांचा. तो साहेब मान किंचित तिरपी करून उभा. आणि माझे गुडघे आपोआप वाकले. मी वाकवले नाहीत. उजवा कटकन वाजला, तरी वाकला. आणि तोंड उघडलं.

"महाराज, बाजारच्या बायका आपल्या पायाशी फुलं ठेवतात..."

फुलं नव्हतीच. माझे हात तरी गुच्छ धरल्यासारखे पुढे आले होते. थांबावं म्हटलं, पण ते शब्द गाडी उतारावरून सुटावी तसे एकामागून एक सुटले. आपलं सुख ते आमचं सुख. आपली लेकरं ती आमची लेकरं. मागे कोणीतरी "अगं बाई" म्हणालं. बहुतेक सुझोन.

"आपण पोटभर जेवलात की आमची पोटं भरली."

साहेब प्रसन्न हसला. माझ्या बोलण्याच्या तालावर तो मान हलवत होता, त्यालाही ते पाठ असणार.

"छान. फार छान, मादाम. महाराजांच्या कानावर घालतो." असं म्हणून त्याने पाठ फिरवली.

"थांबा."

पेलाजीचा आवाज. ओट्यावर असतो तसाच, मोठा नाही.

"आमच्या बाजारात भाव विचारून पाठ फिरवणाऱ्याला काय म्हणतात, ठाऊक आहे, साहेब?"

तो वळला. "काय म्हणतात?"

"ते इथे बोलायचं नाही, सासूबाईंनी शिकवलंय. पण फिरा हं परत. तुम्ही अजून भाव ऐकला नाही."

"पोरी, ह्या दारासमोर गुडघे टेकून बोलायची रीत आहे."

"आमच्या घरात गुडघे टेकणारी एक होती. तिचा गुडघा गेला. दुसरा आम्ही कुठून आणायचा?"

मी खालीच होते. मला उठता येत नव्हतं. एरवी दोघी काखेत हात घालायच्या, आज सगळ्याजणी साहेबाकडे तोंड करून उभ्या. तिथून मला नुसती पावलं दिसत होती. एकीकडे साहेबाच्या जोड्यांच्या उंच लाल टाचा, एक पुढे एक मागे, अधांतरी. दुसरीकडे आमचे लाकडी जोडे, फुटलेले, दोरीने बांधलेले, आणि त्यांच्याखाली चकचकीत फरशीवर पसरत चाललेलं गढूळ पाणी. ते पाणी हळूहळू माझ्या रेशमी झग्यापर्यंत आलं.

"पीठ कुठे आहे?" पेलाजी विचारत होती.

"वाटेवर आहे."

"कुठल्या वाटेवर? नाव सांगा. मी आमच्या गाडीवाल्यांना विचारते, आम्हाला सगळ्या वाटा माहीत आहेत. मासळी समुद्राहून पॅरिसला येते एका रात्रीत, कुजायच्या आत. पीठ तर कुजतही नाही, मग त्याला एवढा वेळ का?"

"ह्या गोष्टी इतक्या सोप्या नसतात..."

"आमच्याही नसतात. माझी पोर रडायची बंद झालीय, साहेब. रडत होती तेव्हा बरं होतं. जा आत. महाराजांना हे सांगा. आणि फुलांचं सांगू नका, फुलं आम्ही आणलेली नाहीत."

"आणि उत्तर यायला वेळ लागला तर?"

"आम्ही इथेच उभ्या आहोत."

लाल टाचा आत गेल्या. मग पेलाजीने मागे न बघताच हात खाली केला, टोपली उचलतात तसा माझ्या काखेत घातला आणि मला उभं केलं. तिची बोटं बर्फासारखी होती. मला वाटलं होतं, आता ही मला सगळ्यांदेखत बोलेल. बोलली असती तर बरं झालं असतं. सुझोनने आपली ओढणी काढून माझ्या गुडघ्याला बांधली आणि कानाशी लागून म्हणाली, "सुंदर बोललीस गं. अजून थोडं बोलली असतीस तर आपल्यालाच पाव द्यावे लागले असते त्यांना."

मी हसले. हसताना डोळ्यांत पाणी आलं, आणि ते फक्त हसण्याचं होतं असं म्हणायला मी काही खोटं बोलणारी बाई नाही.

साहेब परत आला. कोठारातलं पीठ पॅरिसला पाठवायचा हुकूम झाला होता. पेलाजीने ते त्याच्याकडून परत वदवून घेतलं, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

दुसऱ्या सकाळी फाटकापाशी जमावाने पहारेकऱ्यांचं जे केलं ते मी बघितलं नाही. एका बाकावर झोपले होते. पण भाल्यांवर काय लटकत होतं ते परतीच्या वाटेवर दिसलं, आणि मी दिवसभर त्या बाजूला मान वळवली नाही. माशांची मुंडकी छाटण्यात जन्म गेला माझा, तरी नाही वळवली. आमच्या पिठाच्या गाड्या पुढे, मागे कुठेतरी राजाची बग्गी. आता आमच्यातच राहा म्हणत राजालाच पॅरिसला घेऊन चालले होते सगळे. बायका नाचत होत्या. मी पिठाच्या पोत्यांवर पाय लांब करून पडले होते, अंगभर पांढरं पीठ, खाली चिखलाने कडक झालेलं काळं रेशीम. राजवाड्याकडे जायच्या वाटेवर सगळी झाडं, वळणं, खानावळी मला पाठ होत्या. त्या उलट्या दिशेने मागे पडत गेल्या. पुन्हा ह्या वाटेने यायचं कारण उरणार नाही हे मला कळत होतं. पण तेव्हा मला फक्त झोप हवी होती.

पाव आला. फान्शोन पुन्हा रडायला लागली, आणि ते रडणं ऐकून पेलाजी पहिल्यांदा माझ्यासमोर ढसाढसा रडली. काही दिवस भट्ट्या पेटल्या. मग पुन्हा पीठ कमी पडलं आणि रांग लागली, पहिल्यासारखीच. राजा आता आमच्याच शहरात, नदीकाठच्या त्वीलरीच्या राजवाड्यात राहत होता. बाजारातून चालत जायचं अंतर. रिकामटेकड्या बायका बागेत जाऊन त्याच्या खिडकीखाली हाका मारायच्या. ज्या दर्शनासाठी मी वर्षभर झगा जपायचे, ते आता भाजी आणायला गेलेल्या बाईलाही व्हायला लागलं.

झग्यावरचे डाग निघाले नाहीत. राख लावली, व्हिनेगर लावलं, नाही निघाले.

नव्या वर्षाच्या आधी बाजारच्या जुन्या बायका आमच्या ओट्यावर आल्या. नव्या वर्षालाही राजाला शुभेच्छा द्यायची रीत आहे, ती मोडायची नव्हती. आल्या, पण माझ्याकडे बघावं की पेलाजीकडे, हे त्यांना कळेना. व्हर्सायला काय झालं ते सगळ्या बाजाराला माहीत होतं. ती वेत विणणारी असल्या गोष्टी पोटात ठेवणारी नव्हती.

"माझ्या तोंडाकडे काय बघता?" मी म्हणाले. "तिला विचारा. मान आमच्या घरचाच आहे."

पेलाजी मासे खवलत होती. हात न थांबवता म्हणाली, "जाईन मी. फुलं नेईन, रीत आहे ती. पण उभी राहून बोलेन. आणि शेवटचं वाक्य नाही म्हणणार."

"मग शेवटी काय म्हणणार?" एका म्हातारीने विचारलं.

"ते त्या दिवशी पाव मिळाला का, त्यावर ठरेल."

म्हाताऱ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. सासू असती तर तिने ह्या पोरीला बाजाराबाहेर काढलं असतं. मी सुरी धुतली, पुसली आणि म्हणाले, "बरं."

नव्या वर्षाच्या सकाळी ती निघाली. अंगात तिचा रोजचाच तपकिरी झगा, धुतलेला. हातात गुच्छ. दारात थांबली.

"आई, आत कुठल्या दाराने जायचं?"

"मला नाही माहीत," मी म्हणाले. "माझी दारं व्हर्सायची. हे तूच शोध."

तिने मान हलवली. मग जाता जाता गुच्छातलं एक फूल काढून माझ्या टोपीला खोचलं. थंडीत फुलं कसली, कागदाचंच ते. आणि गेली.

मी रिकामी टोपली उचलली आणि भट्टीवाल्याच्या दाराशी गेले. रांग कोपऱ्यापर्यंत होती. आमच्या दोघींच्या जागा आम्ही रोज तिथे धरतो, आज दोन्ही मलाच धरायच्या होत्या. टोपली पालथी घातली आणि तिच्यावर बसले, उजवा पाय पुढे सरळ करून. सुझोन पुढे उभी होती. तिने वळून बघितलं, फूल बघितलं, पाय बघितला.

"आज तू इथे? राजाकडे नाही गेलीस?"

"ती गेलीय."

"आणि तू?"

"पाव कोण घेणार?" मी म्हणाले. "सरक पुढे. रांग हललीय."